पाच मांजरं, दोन खोल्या आणि नाशिकची थंडी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या घरात शिवणयंत्राच्या दिव्याखालच्या जागेसाठी चढाओढ सुरू होते. मी घरीच शिवणकाम करते. यंत्रावर अजून जुना पिवळा बल्ब ठेवलाय, कारण एलईडीच्या उजेडाला तशी ऊब नसते. त्या बल्बखालची वीतभर जागा म्हणजे मांजरांच्या लेखी घरातली सगळ्यात मोलाची जागा. पंचवटीत दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी, आणि पाच जणं: ठकू ही १३ वर्षांची म्हातारी भाटी, पाटील हा ६ किलोंचा बोका, बिट्टी आणि जिलबी या २ वर्षांच्या बहिणी, आणि द्राक्षबागेतून आलेली बुजरी काजळ.

नाशिकची थंडी बाहेरच्या माणसाला ऐकून खरी वाटत नाही. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा काही वर्षी ५ अंशांच्या खाली उतरतो, आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. शहरात तेवढं नसलं, तरी आमच्या पडवीतल्या बादलीत जानेवारीच्या पहाटे हात घालवत नाही.

सासूबाई आधी म्हणायच्या, "अगं, देवानं मांजराच्या अंगावर घोंगडी दिलीय, त्याला कसली आलीय थंडी?" मलाही तसंच वाटायचं. पण मांजराच्या अंगाचं तापमानच मुळात ३८ ते ३९ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्याहून जास्त. भोवतालची हवा ३० अंशांच्या वर असली, तरच त्याला अंग गरम ठेवायला वेगळी ताकद खर्च करावी लागत नाही. आपल्याला छान गार वाटत असतं, तेव्हा त्याचं शरीर कामाला लागलेलं असतं. धडधाकट मांजराला ते झेपतं. म्हाताऱ्याला, आजाऱ्याला आणि पिल्लाला झेपत नाही.

घरात एकच मांजर असेल, तर ते तुमच्या पांघरुणात शिरतं आणि प्रश्न मिटतो. पाच असली, की ऊब थोडी आणि हक्क सांगणारे फार. दांडगं मांजर मधली जागा धरतं, बुजरं गार फरशीवर जातं. जाताना ते भांडत नाही, ओरडत नाही, त्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून हिवाळ्यातलं पहिलं काम उबेची वाटणी. बाकी सगळं त्यानंतर.

वाटणी कशी करायची

सुट्टीच्या एका दिवशी घरातलं ऊन मोजा. मी कापडावर खुणा करायचा खडू घेते आणि सकाळी ८, १०, १२, २ आणि ४ वाजता ऊन फरशीवर जिथे पडलेलं असतं, तिथे रेघ ओढून वेळ लिहिते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी नाशकात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४६ अंशच वर येतो. त्यामुळे मे महिन्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, त्याच खिडकीतून आता ते चार-पाच फूट आतपर्यंत येतं. त्या रेघांवर अंथरुणं टाकायची. आमची मांजरं दिवसभर खडूच्या खुणांबरोबर सरकत असतात.

मग जागा मोजा. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जागा जास्त हवी, म्हणजे हुसकलेल्याला जायला ठिकाण उरतं. सगळी अंथरुणं एकाच कोपऱ्यात मांडू नका. एकावरून दुसरं दिसणार नाही, अशी ठेवा. पाटील नुसता रोखून बघायला लागला तरी काजळ उठून जाते, त्याला पंजा उचलावाही लागत नाही. उबदार हवा वर चढते, म्हणून कपाटाचा माथा ही चांगली जागा, आणि बुजऱ्या मांजराला उंची आवडतेच. काजळचं अंथरूण तिथे आहे. ठकूचे सांधे धरलेत, तिला उडी जमत नाही, म्हणून तिचं अंथरूण जमिनीपासून चार बोटं वर, पाटावर. शेजारी एक चौरंग ठेवलाय, त्यावरून ती खिडकीत जाते. म्हातारं मांजर घरात असेल, तर अशा पायऱ्या आधी करा. उडी मारता येत नाही हे ते सांगत नाही, नुसतं खाली झोपायला लागतं.

खोकं देत असाल, तर त्याला दोन दारं कापा. एका दाराच्या खोक्यात दुबळं मांजर कोंडलं जातं, आणि एकदा कोंडलं की परत त्यात पाऊल टाकत नाही.

गोधडी

बाजारात मांजरांच्या गाद्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच दिसायला गुबगुबीत आणि धुवायला अवघड. गोधडी शिवणं स्वस्त पडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. माझं माप १८ बाय २४ इंच. वर आणि खाली जुनं सुती पातळ, चांगलं धुऊन मऊ पडलेलं. मध्ये जुना स्वेटर उसवून सपाट केलेला, नाहीतर शालीचा तुकडा. खरी ऊब या मधल्या थरात असते, कारण लोकरीत हवा अडकून राहते. नायलॉनची साडी वापरू नका. थंडीत हवा कोरडी असते, कापड घासलं की बारीक ठिणगी उडते. नाकाला एकदा झटका बसला, की मांजर त्या गोधडीवर परत बसत नाही.

चारी बाजू आत दुमडून टाचून घ्या आणि मग दोन-दोन बोटांच्या अंतरानं धावदोरा घाला. यंत्रावर नाही, हातानं, कारण हातच्या टाक्यानं थर दबत नाहीत आणि हवा राहते. गाठ आत लपवायची, दोऱ्याचं टोक बाहेर लोंबता कामा नये. मांजराची जीभ खरखरीत असते, तिच्यावरचे बारीक काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. म्हणून लेस, बटण, हूक, टिकली काही लावायचं नाही. माझ्या घरात काम संपल्यावर सुया मोजून डबीत जातात आणि दोऱ्याची रिळं झाकणाच्या डब्यात. शिवणाऱ्या प्रत्येक घरानं हे पाळावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येकाची गोधडी वेगळी ठेवा आणि सगळ्या एकदम धुऊ नका. मांजर आपली जागा वासानं ओळखतं. पाचही गोधड्या एकाच दिवशी साबणाच्या वासाच्या झाल्या, तर दोन दिवस घरात नव्यानं हद्दी ठरतात आणि फिस्कारणं चालू होतं. आज दोन, चार दिवसांनी दोन, मग एक.

आणि एक फार महत्त्वाचं. थंडीत ट्रंकेतून रजया, स्वेटर काढतो, तेव्हा त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. या गोळ्या मांजराला विषारी आहेत, आणि मांजर अंग चाटत असल्यानं कपड्याला लागलेला अंशही पोटात जातो. ते कपडे दोन दिवस कडक उन्हात टाका, धुवा, मगच मांजराला त्यावर बसू द्या. गोळी घरंगळून कपाटाखाली गेली नाही ना, हेही वाकून बघा. जिलबीसाठी ती खेळण्याची गोटी असते.

बाहेरच्यांसाठी

आमच्या आळीत फौजदार नावाचा एक बोका आहे. तो कुणाचाच नाही आणि घरात यायला तयार नाही. त्याच्यासाठी पडवीत थर्माकोलची पेटी आहे, मासळीवाल्याकडून आणून सोड्यानं धुतलेली. बाजूला ६ इंचांचं गोल भोक, एवढ्यातून मांजर जातं, मोठं कुत्रं जात नाही. आत भाताचा पेंढा, इगतपुरीकडून येणाऱ्या माणसाकडे तो मिळतो. बाहेरच्या पेटीत कापड घालू नका. ते दव पितं आणि ओलं राहतं, मांजर आणखी गारठतं. पेंढा ओल धरत नाही आणि मांजर त्यात शिरून स्वतःभोवती खळगा करतं. पेटी दोन विटांवर ठेवा आणि भोक उत्तरेकडे नको, आपल्याकडे थंड वारा तिकडून येतो.

बाहेरची मांजरं रात्री गाडीच्या इंजिनावर जाऊन बसतात, कारण ते तासन्‌तास गरम राहतं. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा. आळीतल्या सगळ्यांना मी हे सांगून ठेवलंय, आता रिक्षावाले दादासुद्धा थाप मारतात.

आगीची आणि विजेची ऊब

सासूबाईंना आंघोळीला बंबाचंच पाणी लागतं. बंब विझल्यावर त्याच्याजवळची फरशी दुपारपर्यंत कोमट असते, तिथे बिट्टी अंगाचं मुटकुळं करून झोपते. ती जागा उत्तम, फक्त निखारे आहेत तोवर तिला तिकडे फिरकू देत नाही. बादलीत रॉड लावून पाणी तापवत असाल, तर न्हाणीघराचं दार लावूनच. मांजर बादलीच्या काठावर चढतं, आणि पुढे काय होईल ते सांगायला नको. शेगडी पेटवून बंद खोलीत झोपू नका, तो धूर माणसाचा आणि मांजराचा सारखाच जीव घेतो.

गरम पाण्याची पिशवी चांगली, पण तिच्यात उकळतं पाणी घालायचं नाही. तिला टॉवेलचे दोन वेढे द्या आणि अंथरुणाच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं तर मांजराला सरकता येतं. केसांमुळे मांजराला चटका उशिरा कळतो, तोवर खालची कातडी भाजलेली असते.

थंडीत कुणी पिल्लू आणून दिलं आणि ते हाताला गार लागलं, तर आधी दूध पाजू नका. गारठलेल्या पिल्लाला पचत नाही. आधी छातीशी धरून, पिशवीच्या उबेनं हळूहळू अंगात ऊब आणा, मग पाजा, तेही गायीचं दूध नाही, मांजराच्या पिल्लांसाठीचं मिळतं ते. नुकत्या जन्मलेल्याला पहिला आठवडा अंथरुणात ३० अंशांच्या आसपास ऊब लागते, कारण त्याला स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही.

पाणी, आणि पाटीलची ती रात्र

मांजरं मुळात कमी पाणी पितात, थंडीत आणखी कमी. ४ किलोंच्या मांजराच्या पोटात अन्नातून आणि पाण्यातून मिळून दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी जायला हवं. कोरड्या खाद्यात जेमतेम दहा टक्के पाणी असतं, त्यामुळे नुसतं तेच खाणाऱ्या मांजराची ही तूट भरून निघणं कठीण.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात रात्री मी ब्लाउज उरकत बसले होते. चौघी यंत्राभोवती होत्या. दिव्याखालची जागा रिकामी होती. पाटीलनं ती कधी सोडलेली नव्हती, तरी मी टीप घालत राहिले. तासाभरानं न्हाणीघरात गेले, तर तो उघड्या गार फरशीवर पोट टेकून पडलेला. मला बघून उठला, शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या घमेल्यात गेला, कण्हत बसला, आणि तसाच उतरला. वाळू कोरडी. मला वाटलं पोट साफ होत नसेल. सकाळी बघू म्हणून मी झोपले. त्या झोपेचं मला अजून वाईट वाटतं.

सकाळी त्याचं पोट खाली चेंडूसारखं घट्ट लागलं. रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. लघवीची वाट बंद झाली होती. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, त्यात खड्यांचा चुरा किंवा गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत मांजर जातं. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, तो तीन दिवस सलाइनवर होता, आणि वाचला. तेव्हा बोका घमेल्यात पुन्हापुन्हा जातोय, कुंथतोय, खालचा भाग सारखा चाटतोय आणि वाळू कोरडी आहे, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले, तरी निघा.

तेव्हापासून आमच्याकडे पाण्याची पाच भांडी आहेत, खाण्याच्या ताटल्यांपासून लांब. उन्हाळ्यात मी मातीचं परळ ठेवते, हिवाळ्यात ते उचलते, कारण मातीत पाणी आणखी गार होतं आणि मांजर जीभ लावून मागे फिरतं. आता चिनीमातीचे खोलगट वाडगे, आणि दिवसातून तीनदा त्यात कोमट पाणी. कोरड्या खाद्यावरही कोमट पाणी घालते. आठवड्यातून दोनदा चिकनचं पाणी देते, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. सुकट आणि सुके बोंबील थंडीत घरोघरी भाजले जातात, वासानं पाचही जण ओट्याशी येतात, पण त्यात मीठ फार असतं. माझ्याकडे कुणालाच मिळत नाहीत. दूध पाटील मागतो, तेही देत नाही. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ते पचत नाही.

घमेल्यांचं सांगायचं, तर नियम मांजरांपेक्षा एक जास्त. दोन खोल्यांत सहा घमेली बसत नाहीत, माझ्याकडे चार आहेत आणि ती दिवसातून तीनदा साफ होतात. एरवी अंगणात जाणारी मांजरंसुद्धा थंडीत पहाटेच्या दवानं ओल्या मातीत जायला नाखूश असतात आणि लघवी धरून ठेवतात. म्हणून दिवाळीनंतर एक घमेलं आत वाढवा. म्हाताऱ्यासाठी एका घमेल्याचा काठ कापून बुटका करा.

पाटीलमुळे मला एक सवय लागली. रात्री दिवा मालवण्याआधी मी कोण कुठे झोपलंय ते बघते. आपली उबेची जागा सोडून कुणी एकटं गार फरशीवर किंवा पलंगाखाली असेल, तर त्याला उचलून जवळ घेते, पोट चाचपते, हिरड्यांचा रंग बघते. दुखणं लपवायचा मांजराचा स्वभाव असतो, पण जागा त्याला लपवता येत नाही.

शिंका, आणि संक्रांत

थंडीत खिडक्या बंद असतात, मांजरं एकमेकांना चिकटून झोपतात, आणि एकाची सर्दी पाचांना होते. लस दरवर्षी डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. कुणी शिंकायला लागलं, डोळे चिकटले, तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, ताटली-वाडगा वेगळा, आणि त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जा. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर ते खात नाही. अन्न कोमट करून द्या, वास उठतो. सबंध दिवस उपाशी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, कारण काही दिवसांच्या उपासानं मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठते. बाम, कापूर, निलगिरीचं तेल यांतलं काही छातीला चोळू नका. आणि माणसांची तापाची गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरतं.

आंघोळ हिवाळाभर नाही. आधी हात किंचित ओला करून पाठीवरून फिरवायचा, मग कंगवा. पिसवांचं औषध कुत्र्याचं वापरू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झेपत नाही.

संक्रांतीच्या आधीपासून पतंगांचा मांजा गच्चीवर, झाडांवर, पडवीच्या पत्र्यावर येऊन पडतो. येवल्यात तर तीन दिवस आभाळ दिसत नाही, आमच्याकडेही काही कमी नसतं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो सापडतो. ते आठ दिवस मी रोज सकाळी काठी आणि पिशवी घेऊन गच्चीवर जाते आणि मिळेल तेवढा मांजा गोळा करून, कात्रीनं बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाकते. अखंड गुंडाळी टाकली तर पाखरं अडकतात. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नका. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असू शकतं आणि ओढल्यावर आतडं चिरतं. मांजराला तसंच उचला आणि डॉक्टरांकडे जा.

शिवरात्रीला शिव शिव करत थंडी जाते, असं सासूबाई म्हणतात. त्यानंतर आठवडाभर थांबून मी गोधड्या काढते. ठकूची सगळ्यांत शेवटी, कधी कधी होळीपर्यंत राहू देते. गरम पाण्यात धुऊन, दोन्ही बाजूंनी ऊन देऊन, सैल झालेले टाके पुन्हा घालून त्या ट्रंकेत जातात. मध्ये कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, सुती पुरचुंडीत बांधून. डांबरगोळी आमच्या घरात आता येत नाही.